मंडळी येऊन गेली

एकतीस ठसे टेबलावर ओळीनं मांडून झाले आणि धाकटीच्या लक्षात आलं, की शेवटचे नऊ एकाच पायाचे आहेत.

तळहाताएवढे प्लॅस्टरचे पांढरे गोळे, पाठीवर वर्ष कोरलेलं. दर वर्षी नदीकाठच्या ओल्या चिखलात पाणमांजराचा सगळ्यात ठसठशीत पाय जिथं उमटला असेल, तिथं आबा, तिचे वडील, प्लॅस्टर ओतायचे. वाळलं की उचलून दादाच्या लॉजमध्ये, या जेवणघरातल्या काचेच्या कपाटात ठेवायचे. पाहुण्यांनी आल्या आल्या पहिला फोटो कपाटाचा काढायचा, हे ठरलेलं. आज धाकटीनं ठसे बाहेर काढले ते पुस्तकासाठी. वस्तीला शंभर वर्षं झाली, तिचा इतिहास छापायचा होता, आणि छापखान्यातलं माणूस घरात एकच, ही. बावीस वर्षं तिनं मुद्रितं तपासली होती. वहिनी तिला चुकाबाई म्हणायची. पत्र कुणाचंही असो, वन्संना आधी चूक दिसते आणि मग मजकूर, असं तिचं म्हणणं होतं आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

आताही तसंच झालं. जुन्या छापखान्यात एखादा अक्षराचा खिळा झिजला, की ते अक्षर प्रत्येक पानावर त्याच जागी तुटकं उमटतं. वाचणाऱ्याला कळत नाही, पण तपासणाऱ्याच्या डोळ्यात ते कुसळासारखं सलतं. या नऊ ठशांत बाहेरच्या बोटाच्या कडेला टवका उडालेला होता. नऊच्या नऊ ठिकाणी तोच, तेवढाच. आधी तिला वाटलं, एखादं जखमी जनावर असेल, बिचारं. पण जनावर वाढतं, म्हातारं होतं, घसरतं, एका अंगावर भार देतं. तिनं पट्टी लावून बघितली. नऊ वर्षांत केसाचाही फरक नव्हता.

आणि हा टवका तिच्या ओळखीचा होता. तो तिनंच पाडला होता.

सात वर्षांची असताना, आजोबांनी कोरलेल्या लाकडी पंज्यानं तिनं अक्रोड फोडला होता. नातवंडांना ठसे ओळखता यावेत म्हणून आजोबांनी तो पंजा केला होता, पाणमांजराच्या पायाबरहुकूम, पाचही बोटं आणि मधली पातळ कातडी. अक्रोड फुटला, पंज्याचं बोटही फुटलं, आणि आईची एक सणसणीत थप्पड बसली. पंजा आईनं काढून घेतला, पुढं तो कुठं गेला कुणाला ठाऊक नव्हतं.

ती उठली आणि मागच्या दाराशी गेली. तिथं आईचे रबरी बूट उभे होते. आई जाऊन अकरा महिने झाले होते, पण ते बूट कुणी हलवले नव्हते. धाकटीनं डाव्या बुटात हात घातला. तळाशी एक जुना मोजा होता, आणि मोज्यात पंजा. बोटांच्या खाचांत चिखल वाळून बसला होता.

तिथंच पायरीवर ती बसली. तिला आईचा राग आला. गेलेल्या माणसाचा राग आला तर तो कुणावर काढायचा हे कळत नाही, म्हणून ती नुसतीच बुटांकडे बघत राहिली.

*

पुस्तकात तिनं काही झाकलेलं नव्हतं. पणजोबा आणि त्यांच्याबरोबरची सहा घरं इथं आली ती पाणमांजरांच्या कातड्यासाठी, हे तिनं पहिल्याच पानावर लिहिलं होतं. सापळ्याजवळ जनावराचं नाव घेतलं तर ते ठिकाण सोडून जातं अशी त्यांची समजूत. म्हणून पाणमांजर म्हणायचं नाही, मंडळी म्हणायचं. मंडळी आली होती का? मंडळी येऊन गेली. पुढं एका हिवाळ्यात आजोबांनी सापळ्यात अडकलेली मादी पाहिली आणि तिच्याभोवती घिरट्या घालणारी पिल्लं पाहिली, आणि घरातले होते नव्हते तेवढे सापळे नदीत फेकून दिले. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. दहा वर्षांनी तेच लोक त्यांच्या दारात आले, कारण जिवंत मंडळी बघायला शहरातून पाहुणे यायला लागले होते. ज्यांच्या कातड्यावर वस्ती उभी राहिली, त्यांच्याच जिवावर ती पुढं जेवू लागली.

आजोबांमागून आबा काठराखे झाले. रोज उजाडता काठ चालायचा, ठसे बघायचे आणि वहीत एक ओळ लिहायची: मंडळी येऊन गेली. आबांचा एक विनोदही होता, तीस वर्षांचा जुना. आई चहाचा ट्रे घेऊन आली, की ते पाहुण्यांना म्हणायचे, "मंडळी बघायला आलात ना? मग बघा, ही आमची मंडळी." पाहुणे हसायचे. आई दर वेळी तोंड वाकडं करायची आणि दर वेळी लाजायची.

दादानं पुस्तकाचं नाव तेच ठेवलं होतं. 'मंडळी येऊन गेली'. चार वाजता छापखान्याचे मालक स्वतः शेवटची पानं न्यायला येणार होते.

*

"मुखपृष्ठ बघितलंस का?" दादा आला तो हातात छापील कागद नाचवतच. "रंग काय उठलाय. आता शेवटच्या पानावर आबांची सही झाली की सुटलो." मग त्याची नजर टेबलावर गेली. ठशांच्या ओळीच्या टोकाला लाकडी पंजा ठेवलेला होता.

धाकटीला वाटलं होतं, तो विचारेल, हे काय आहे. दादा म्हणाला, "कुठं सापडला? अकरा महिने शोधतोय मी."

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. पण उशीर झाला होता.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"माहीत म्हणजे..." तो खुर्ची ओढून बसला. "आई गेल्यावर कळलं. आई गेली आणि दुसऱ्या दिवसापासून काठावर एक ठसा नाही. मी काय दूधखुळा आहे? आणि हे बघ, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. साहेब यंदाचा ठसा मागणार. द्यायचा कुठून?"

"म्हणून शोधत होतास. तू उमटवणार होतास."

"मग काय करू? लॉज बंद करू? बाहेर पाटी काय आहे, वाच. पाणमांजर आहे पाटीवर. झाकली मूठ सव्वा लाखाची, धाकटे. ती तू छापून उघडणार?"

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिनं टेबल पाहिलं आणि पंजाही पाहिला. तिला काहीच नवल वाटलं नाही, आणि हे धाकटीला सगळ्यात जास्त लागलं.

"वन्सं, तुमचे भाऊ म्हणतात ते अगदीच चूक नाही," वहिनी म्हणाली. "सासूबाईंचं नाव असं चारचौघांत निघालेलं बरं दिसेल का? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"वहिनी, नदी बघितलीस का तू? नदी म्हणायची लाज वाटते. गटार झालंय."

"रोज बघते. माझ्या खिडकीतूनच दिसते ती."

"मग ती अट आठवते ना? वर बंधारा बांधला तेव्हा आबा दोन वर्षं भांडले. लिहून घेतलं त्यांनी. खाली मंडळी टिकली तर लोखंडी दारं बंद राहतील, मंडळी उठून गेली तर दारं उघडायची. दर तीन वर्षांनी तपासणी, पुरावा म्हणून काठावरचा ठसा. बरोबर?" तिचा आवाज चढला होता. "दारं लागली त्याच वर्षी मंडळी उठली. आणि तीन तपासण्यांना आपण काय दाखवलं? हा लाकडाचा तुकडा. आपल्या आईनं नदी मारली, दादा."

"असं बोलू नकोस," दादा हळू आवाजात म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "ती काही नदी मारायला जात नव्हती. आबांचं काय झालं होतं ते तुला माहीत नाही. तू शहरात होतीस. चाळीस दिवस माणूस रोज काठावर जायचा आणि रिकामा यायचा. जेवण सोडलं, बोलणं सोडलं. डोळे तर तेव्हाच गेल्यात जमा होते, बोटांनी चाचपून ठसे बघायचे. एकेचाळिसाव्या दिवशी आले आणि म्हणाले, मंडळी येऊन गेली. आणि दोन भाकऱ्या..." तो थांबला. "पोटभर जेवले. मी रडलो होतो त्या दिवशी. मला खरंच वाटलं होतं, की आली मंडळी परत."

खरी गोष्ट ही होती, की त्या चाळीस दिवसांत धाकटीनं घरी एकदाच फोन केला होता.

वहिनी ठसे एकेक करून परत ओळीत सारखे करत होती. "मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं," ती म्हणाली. "बूट मी धुवायचे ना. सासूबाई सांगायच्या, भाजीच्या वाफ्यात गेले होते. वाफ्यातली माती तांबडी असते, आणि बुटांना लागलेला चिखल काळा. नऊ वर्षं मी तो धुतला." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "आणि पाहुण्यांचं म्हणाल, तर पाहुणे तरी कुठं राहिलेत? येतात, दोन दिवस दुर्बीण लावून बसतात आणि तोंड पाडून जातात. मागच्या महिन्यात एका बाईनं मला विचारलं, तुम्ही स्वतः शेवटचं कधी बघितलंत? मी भांडी घासायला निघून गेले. मला नाही आता ते जमत."

"म्हणजे तूही तिच्या बाजूची."

"मी कुणाच्या बाजूची नाही. मी दमले," वहिनी म्हणाली.

*

तीनला काका आबांना हाताला धरून घेऊन आले. काका आबांचे धाकटे भाऊ. बंधाऱ्यावर दारं सांभाळायची नोकरी करून मागच्या वर्षी निवृत्त झाले होते. आबांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, सहीसाठी. काखेत कापडी पिशवी होती.

"चुकाबाई, किती चुका निघाल्या?" बसता बसता आबांनी विचारलं.

एरवी ती म्हणाली असती, एवढ्या की पुस्तकापेक्षा शुद्धिपत्र मोठं. आज तिनं नुसती त्यांची खुर्ची टेबलाशी ओढली. काकांनी टेबलाकडे पाहिलं आणि त्यांचा हात आबांच्या खांद्यावरून गळून पडला.

दादानं डोळ्यांनी खुणावलं, नको. धाकटीनं ते पाहिलं. तिला क्षणभर वाटलंही, की सही घ्यावी, पानं द्यावीत, संध्याकाळच्या गाडीनं निघून जावं. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाकडून आता काय हिसकावून घ्यायचं? पण पुढच्या आठवड्यात चौथी तपासणी होती. मग आणखी तीन वर्षं. वरच्या अंगाला, बंधाऱ्यापलीकडे, दोन-चार पाणमांजरं अजून दिसतात असं लोक म्हणत. तीन वर्षं ती जनावरं कशाच्या आधारावर थांबणार होती?

तिनं सर्वांत अलीकडचा ठसा उचलून आबांच्या हातात दिला.

"आबा, हा बघा बरं. पुस्तकात घ्यायचाय."

आबांनी तो डाव्या तळहातावर घेतला. उजव्या हाताचा अंगठा टाचेवर गेला नाही, मधल्या कातडीवर गेला नाही. तो सरळ बाहेरच्या बोटाच्या कडेला गेला, टवक्यावर टेकला आणि तिथंच थांबला. रोज हात लावायची सवय असलेल्या जागी थांबावा तसा.

"तुम्हाला माहीत होतं," धाकटी म्हणाली.

"अक्रोड," आबा म्हणाले. "तुला थप्पड बसली होती. मी मधे पडलो असतो तर मलाही बसली असती."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. वडिलांच्या हातचं कोरीव काम मला कळणार नाही? बोट फिरवलं आणि कळलं." त्यांनी ठसा मांडीवर ठेवला. "वाटलं, घरी जाऊन विचारावं, काय गं हा पोरखेळ. आलो, तर ती चुलीपाशी पाठ करून उभी. गुडघ्यांना चिखल होता, ओल्याचा वास येत होता. गुडघे किती दुखायचे तिचे, तुम्हाला माहीत आहे. त्या गुडघ्यांनी अंधारात काठ उतरून, वाकून, माझ्यासाठी ठसे काढून आली होती. तिला काय सांगू, की कळलं मला? मी म्हटलं, मंडळी येऊन गेली. तिचा हात थांबला. मग म्हणाली, बरं झालं, जेवून घ्या."

"आणि नऊ वर्षं तेच?"

"रोज. ती पुढं जायची, मी मागून जायचो. ती उमटवायची, मी चाचपायचो. आमचं बोलणं कधी फार नव्हतं. ते एक बोलणं होतं." आबांनी पिशवीतून वही काढून टेबलावर सरकवली. "आणि मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. मंडळी येऊन गेली, असंच लिहिलंय. आमची मंडळी. ती येऊन गेलीच होती."

दादानं तोंड फिरवलं. वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. धाकटीलाही रडू आलं, पण तिनं ते गिळलं, कारण आता गप्प बसलं तर कायमचंच गप्प बसावं लागलं असतं.

"आबा, खरं लिहूनही फसवता येतं. तपासणीचा साहेब तुमची मंडळी बघायला येत नव्हता. अट तुम्ही घातली होती. तुमच्या एका शब्दावर दारं उघडली असती."

"अगं, हळू," काका म्हणाले.

"काका, तुम्हाला तर वरून सगळं दिसत असेल. दारांवरच्या खोलीतून."

काकांनी नाही म्हटलं नाही. "दिसायचं. कंदील घेऊन यायची वहिनी, तुझी आई. मी माझा दिवा विझवायचो, तिला वाटू नये कुणी बघतंय." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "दारं उघडली असती तर माझी नोकरी गेली असती, हेही खरं. ते मी स्वतःपाशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. आता काय, बैल गेला नि झोपा केला."

प्लॅस्टरच्या टवक्यावर आबांचा अंगठा फिरत होता.

"पहिल्या तपासणीला बोलायला हवं होतं," ते अखेर म्हणाले. "साहेब ठसा उजेडात धरून बघत होता. तुझी आई दारात ट्रे घेऊन उभी. कपबशा वाजत होत्या तिच्या हातातल्या. त्यानं विचारलं, आहे ना मंडळी? मी म्हटलं, आहे. त्या दिवशी मी बायको राखली आणि काठ सोडला. काठराखा म्हणवतो स्वतःला. तिच्या माथी मारू नकोस, पोरी. तिनं घरातल्या घरात केलं होतं. ते बाहेर नेलं ते मी."

"आबा, सही करा आणि सोडा," दादा काकुळतीला आला. "मी बघतो पुढचं. ती छापणार नाही काही. छापणार आहेस का तू, धाकटे?"

धाकटीनं वही उघडली. ओळीखाली ओळ, आंधळ्याच्या हातची, वरखाली झालेली: मंडळी येऊन गेली. मंडळी येऊन गेली. मग आई गेली तो दिवस आला. तिथून पुढं नुसत्या तारखा. अकरा महिने, रोजची तारीख आणि पुढं कोरी जागा. म्हणजे ते रोज काठावर जात होते. कुणाला न सांगता, चाचपत, एकटेच.

"पेन घे," आबा म्हणाले. "शेवटचं प्रकरण मी सांगतो तसं लिही. बायकोनं ठसे उमटवले, काठराख्यानं ते ओळखले आणि तो तीन तपासण्यांना गप्प बसला. असंच. माझं नाव आधी."

"लॉजचं काय, आबा?" दादानं विचारलं. त्याच्या बोलण्यात आता भांडण उरलं नव्हतं.

"पाटी उतरव. खोल्या राहतीलच."

"आणि दारं उघडली तरी मंडळी परतेल याचा काही भरवसा नाही, दादा," काका आपल्या भावाला म्हणाले. "दहा वर्षं फार झाली."

"नसू दे. पाणी तरी जाऊ दे."

धाकटीनं लिहून घेतलं. दीड पान झालं. ते तिनं वाचून दाखवलं, आबांनी एक शब्द बदलला नाही. वहिनीनं त्यांचा हात धरून पेन कागदावर टेकवलं आणि त्यांनी सही केली. दादा उठून खिडकीशी गेला, मग परत आला आणि ठसे कपाटात ठेवायला लागला. बावीस ठेवले. उरलेले नऊ कुठं ठेवायचे हे न कळून तो तसाच उभा राहिला.

"ते मला दे," आबा म्हणाले. मग धाकटीकडे मान वळवून, "मुखपृष्ठावर काय नाव आहे?"

"मंडळी येऊन गेली."

"त्यातलं 'येऊन' काढ."

तिला क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं लाल पेन उचललं आणि मधल्या शब्दावर आडवी रेघ मारली. बावीस वर्षांत तिनं हजारो शब्द असे काढले होते, पण हात कधी जड झाला नव्हता.

चारला छापखान्याचे मालक आले. उभ्याउभ्याच त्यांनी पानं मोजली, चष्मा कपाळावर सरकवून मुखपृष्ठ डोळ्यांजवळ नेलं आणि पुटपुटत वाचलं, "मंडळी गेली." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "हे असं कसं? अर्धवट वाटतं. काही गळालंय का यात?"

"नाही," धाकटी म्हणाली. "आता बरोबर आहे."